दहाच्या खाली

मावशीने ते वीस प्रश्न लिहिले, कारण पुस्तकाची चार पानं कोरी राहत होती. दुसरं काही कारण नव्हतं, हे तिने पुढे स्वतःला आणि इतरांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिलाच ते बहाण्यासारखं वाटायला लागलं.

पुस्तक छापताना सोळा पानांचा एक फॉर्म धरतात. लेखिकाबाईंची गोष्ट ब्याण्णव पानांत आटोपली आणि सहा फॉर्मांची पानं होतात शहाण्णव. म्हणजे शेवटी चार पानं भुंडी. प्रकाशनाचे मालक म्हणाले, "कोरी पानं म्हणजे पाहुण्याच्या हातात रिकामा कप देण्यासारखं. मावशी, संध्याकाळपर्यंत काहीतरी भरा. मुलींना आवडेल असं."

'मावशी' हे तिचं ऑफिसातलं नाव. भाची लहान होती तेव्हा तासातासाला फोन करून "मावशी आहे का?" विचारायची. त्यावरून फोन उचलणारे तिला मावशी म्हणू लागले आणि मग सगळेच. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले मशीनवाले काकासुद्धा. आपण तिशीतल्या आणि पन्नाशीकडे झुकलेला माणूस मावशी म्हणतोय, म्हणून तिने सुरुवातीला नाक मुरडलं. पुढे अंगवळणी पडलं.

पुस्तकमाला होती आठ ते बारा वर्षांच्या मुलींसाठी. एका इमारतीत राहणाऱ्या पाच मैत्रिणी, त्यांचे रुसवेफुगवे, कोणी कोणाशेजारी बसायचं, वाढदिवसाला कोणाला बोलवायचं आणि कोणाला मुद्दाम विसरायचं, अशा गोष्टी. मोठ्यांना पोरकट वाटतील, पण त्या वयात माणूस त्यांच्यावरच जगतं आणि मरतं. मावशी ती पुस्तकं तपासायची, शुद्धलेखन बघायची, चित्रं कुठे बसवायची ते ठरवायची. स्वतः काही लिहायची वेळ तिच्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली.

अर्धा डबा तसाच ठेवून तिने मथळा लिहिला: 'तुझी मैत्रीण किती मार्कांची?' खाली वीस प्रश्न. ती तुझं गुपित दुसऱ्यांना सांगते का? तुझी वस्तू नेली तर आठवणीने परत करते का? तू शाळेत आली नाहीस तर चौकशी करते का? प्रत्येक प्रश्नाला एक मार्क. आणि अगदी शेवटच्या पानावर निकाल. सोळाच्या वर: हिला घट्ट धरून ठेव. दहा ते पंधरा: हिला अजून एक संधी दे. दहाच्या खाली: ही तुझी खरी मैत्रीण नाही, हिच्यापासून लांब राहा.

त्या शेवटच्या ओळीला तिला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. सव्वापाच वाजत आले होते आणि तिची बस चुकत होती.

पुस्तक धडाक्यात गेलं. मागच्या चारांपेक्षा दुप्पट गेलं, आणि ते त्या चार पानांमुळे गेलं, हे मालक भेटेल त्याला सांगत सुटले. मुली वह्यांमध्ये प्रश्न उतरवून घेत होत्या. मावशीला गुदगुल्या झाल्या. पानांवर तिचं नाव नव्हतं, त्यामुळे ते लेखिकाबाईंनीच लिहिलंय असा सगळ्यांचा समज होता, पण आपल्याला ठाऊक आहे ना, मग झालं. सहा महिन्यांत दुसरी आवृत्ती काढायची ठरली आणि एका बुधवारी खालच्या छापखान्यात मशीन सुरू झालं.

गुरुवारी मावशीने रजा टाकली होती. शाळांना सुट्ट्या होत्या. ताईने, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने, सकाळी फोन केला.

"मोकळी आहेस तर ये गं जरा. पोरीचं काहीतरी बिनसलंय. घारी पंधरा दिवसांत वर आलेली नाही. विचारलं तर ही तोंड उघडत नाही."

पोरगी म्हणजे भिंगरी. दहा वर्षांची. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. घारी तळमजल्यावर राहायची, तिचे डोळे करडे-हिरवे होते. दोघी तीन वर्षांच्या असल्यापासून एकमेकींच्या घरात पडीक. ताई म्हणायची, मला एक झाली पण जेवायला नेहमी दोन असतात.

मावशी पोचली तेव्हा भिंगरी पलंगावर पालथी पडून पाय हलवत होती. खोलीत कमालीची टापटीप होती, आणि तेच मावशीला खटकलं. दोघी असल्या की त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

"घारी कुठे गं?"

"तिच्या घरी."

"भांडलात?"

"नाही." भिंगरी उठून बसली. "भांडायचा प्रश्नच नाही. ती नापास झाली."

मावशीला आधी कळलंच नाही. शाळेत नापास झाली का, असं तिने विचारलं सुद्धा. मग भिंगरीने उशीखालून पुस्तक काढलं. शेवटची चार पानं बोटं लागून लागून मऊ पडली होती. समासात पेन्सिलीने बरोबर आणि चूक अशा खुणा होत्या आणि निकालाच्या पानावर, एका गोलात, शाळेतल्या बाई देतात तसे लाल शाईने मार्क. वीसपैकी सहा. खाली सही.

"मी चीटिंग नाही केली," भिंगरी अभिमानाने म्हणाली. "एकेक प्रश्न तीनदा वाचला. मला तिला दहा द्यायचे होते, पण बसतच नव्हते. मग तिला दाखवलं. न दाखवता लांब राहिलं असतं तर ते पाठीमागून केल्यासारखं झालं असतं ना? तो तर बारावा प्रश्नच आहे."

"तिला... दाखवलंस?"

"वर्गातच दाखवलं. शेवटच्या दिवशी. सगळ्याच एकमेकींना दाखवत होत्या."

 बारावा प्रश्न काय होता हे मावशीला स्वतःला आठवत नव्हतं.

"अगं पण इतकं काय केलं तिने?"

भिंगरीने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "तिने सांगितलं सगळ्यांना. की मी अजून बाटलीने दूध पिते."

हे खरं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, घराबाहेर फक्त घारीला. झोपायच्या आधी, दिवा घालवल्यावर, दहा वर्षांची ही घोडी बाटलीने दूध प्यायची, आणि ताईने हजारदा ती बाटली टाकून द्यायचा प्रयत्न केला होता.

"मग तिला विचारलं का नाहीस, का सांगितलंस म्हणून?"

"कशाला विचारू?" भिंगरी म्हणाली. "पुस्तकात विचारायचं नाही लिहिलेलं. लांब राहायचं लिहिलंय. आणि बाईंना जास्त कळतं ना, त्यांनी एवढी पुस्तकं लिहिलीत. तूच म्हणतेस."

मावशीच्या ओठांवर आलं होतं, की अगं, ते बाईंनी नाही, मी. पण तिने ते सांगितलं नाही. ताईने चहा आणला, तो तिने उभ्याउभ्याच घेतला, जीभ पोळली, कप खिडकीत ठेवला, परत उचलला, परत ठेवला. ताई म्हणाली, "तुला काय मुंग्या चावतायत का?" मावशी म्हणाली, जरा खाली जाऊन येते.

तळमजल्यावर घारीची आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीनं, कापडांच्या थप्प्या, जमिनीवर चिंध्या. आई गिऱ्हाइकाचं माप घेत होती आणि घारी कोपऱ्यात स्टुलावर बसून एका रंगाची रिळं एका डब्यात लावत होती. हे काम संपण्यासारखं नव्हतं आणि म्हणूनच ती ते करत होती, हे बघताच समजत होतं. मावशीला बघून ती उठली आणि बाहेर पायऱ्यांवर आली. जणू वाटच बघत होती.

"मावशी, एक विचारू? तुम्ही पुस्तकं छापता ना?"

"हो गं."

"शाळेत नापास झालं तर परत बसता येतं. सुट्टीनंतर पुन्हा पेपर असतो." तिने हातातल्या रिळाचा दोरा बोटाला गुंडाळला. "तुमच्या पुस्तकात परत बसता येतं का?"

मावशी पायरीवर टेकली.

"मी ते बाटलीचं सांगितलं, ते खरंय," घारी म्हणाली. "सांगायचं नव्हतं. त्या सगळ्या हसत होत्या, कोण कोण काय करतं सांगत होत्या, माझ्या तोंडातून निघून गेलं. पण ते एकच चुकलं ना? मग एकोणीस पडायला पाहिजेत. सहाच कसे?" दोरा इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. "मी सगळे प्रश्न परत सोडवले. मला चौदा आले. चौदाला संधी असते."

मावशीने तिच्या बोटावरचा दोरा सोडवला. "मी बघते हं," एवढंच म्हणाली. काय बघते, कसं बघते, कशाचा पत्ता नाही. पण पुढच्या क्षणी ती फाटकाबाहेर होती. पर्स वर ताईकडेच राहिली होती. नशिबाने बसचा पास खिशात होता.

बसमध्ये बसायला जागा होती तरी ती उभी राहिली. डोक्यात आकडे नाचत होते. पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती गेल्या, प्रत्येक प्रत किती जणींनी वाचली असेल, त्यातल्या प्रत्येकीने किती जणींना तपासलं असेल. किती जिन्यांच्या किती तळमजल्यांवर कोण कोण रिळं लावत बसलं असेल. मग विचार झटकायला म्हणून तिने ताईलाच ते वीस प्रश्न लावून पाहिले, आठवतील तेवढे. ताईने लहानपणापासून तिची एकही वस्तू परत केली नव्हती. तिचं पहिलं प्रेम आईला जाऊन सांगितलं होतं. आजारपणात चौकशी करायची, पण मुख्यतः रागवायला. आठ मार्क. मावशीने ओढून-ताणून नऊ केले, तरी नापासच.

छापखाना ऑफिसच्या खालीच होता. दारातच शाईचा आणि केरोसीनचा वास आणि मशीनचा ठोका. मशीनवाले काका एका बाजूला, त्यांचा जोडीदार दुसऱ्या बाजूला, मध्ये कागद सळसळत चाललेला.

"काका, सहावा फॉर्म झाला का?"

"मावशी, तुम्ही रजेवर ना?" काकांनी मशीन थांबवलं. "आत्ता पाचवा संपतोय. जेवलो की सहावा लावतो. प्लेट ती काय, भिंतीला टेकवलीय."

मावशीने जाऊन ती पातळ पत्र्याची प्लेट उचलली. तिच्यावर आठ पानं उमटलेली होती आणि खालच्या कोपऱ्यात शेवटचं पान. दहाच्या खाली. प्लेट चांगली हातभर रुंद होती. तिने ती काखोटीला मारली आणि वर मालकांना फोन लावला.

मालक पाच मिनिटांत खाली आले, तोंडात घास घेऊनच. वाईट माणूस नव्हता तो. पंचवीस वर्षं मुलांची पुस्तकं काढत होता, आणि कोणी विचारलं की यात काय मिळतं, तर हसून विषय बदलायचा.

"ती पानं काढा," मावशी म्हणाली आणि एका दमात सगळं सांगितलं. बाटली, सहा मार्क, फेरपरीक्षा.

मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, वाईट वाटलं ऐकून. पण मुली पुस्तक उघडतात ते त्या पानांसाठी. तिथून उलट्या पुढे येतात आणि गोष्ट वाचतात. ती पानं काढली तर गोष्टही पडून राहील. आणि पोरींचं काय, आज कट्टी, उद्या बट्टी."

"पंधरा दिवस झाले."

"मग सोळाव्या दिवशी होईल."

"प्लेट देणार नाही मी."

मालकांनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. जोडीदार म्हणाला, "कसली परीक्षा आहे? मला विचारा ना. याला किती मार्क पडतात बघू."

"गप रे," काका म्हणाले.

"नाही, विचारा. मावशी, विचारा."

मावशीने एका हाताने प्लेट सावरत विचारलं, "तो तुमची गुपितं दुसऱ्यांना सांगतो का?"

"हा? माझ्या बायकोला सांगतो. शून्य."

"तुमची वस्तू परत करतो?"

"माझी छत्री याच्याकडे आहे. चार वर्षं. शून्य. हे बघा, मावशी, उगाच वेळ घालवू नका, याला दोनच्या वर मार्क नाहीत. बावीस वर्षं एका मशीनवर आहोत. मागच्या महिन्यात आठ दिवस बोललो नाही एकमेकांशी. पण आठही दिवस कागद सरळच आला, एक पान वाकडं गेलं नाही."

"नऊ दिवस," काका म्हणाले. "आणि आधी तू बोललास."

मालकांना हसू आलं आणि त्यांचा ताठा तिथे जरा सैल झाला. "बरं, ऐका," ते म्हणाले. "प्रश्न राहणार. मार्क राहणार. फक्त ते निकालाचं, दहाच्या खालचं, तेवढं बदला. तेवढ्याच जागेत बसेल असं. एक तासात प्लेट नवी करून आणू. तीन वाजता मशीन सुरू, मग तुम्ही प्लेटवर झोपलात तरी सुरू."

मावशी वर गेली, कॉम्प्युटर लावला आणि त्या जागेकडे बघत बसली. फार तर तीन ओळी मावत होत्या.

तिने लिहिलं: 'तिच्याशी बोल.' खोडलं, हे घरातलं प्रत्येक मोठं माणूस सांगतं आणि कोणी ऐकत नाही. लिहिलं: 'तिला माफ कर.' खोडलं, का म्हणून? एखाद्या मुलीला खरंच कोणी छळत असेल तर? तिने कशाला माफ करायचं? लिहिलं: 'हा फक्त खेळ आहे.' हे तिने दोनदा वाचलं आणि भिंगरीचं तोंड डोळ्यांपुढे आलं. एकेक प्रश्न तीनदा वाचणाऱ्या मुलीला काय सांगायचं, की खेळ होता? ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, नखं कुरतडली, जी सवय तिने पंधरा वर्षांपूर्वी सोडली होती. आपण काहीही लिहिलं तरी कुठेतरी एक मुलगी ते तंतोतंत पाळणार, हे तिला आता कळलं होतं, आणि ते कळल्यावर एक अक्षर टाकायची हिंमत होईना.

घड्याळात सव्वादोन झाले. तिने लेखिकाबाईंना फोन केला.

बाई सत्तरीला टेकलेल्या, आवाज खणखणीत. सगळं ऐकून म्हणाल्या, "मला तुझा तेव्हाही राग आला होता. तीन वर्षं लागली मला ती गोष्ट लिहायला. शेवटी त्या दोघींचं जमत नाही, भांडण तसंच राहतं आणि तरी त्या एकाच रस्त्याने शाळेत जातात. हे कोणाच्या लक्षात आलं का? एक मुलगी त्यावर बोलत नाही. सगळ्या मला मार्कांचं विचारतात."

"चुकलंच माझं, बाई. आता त्या तीन ओळींत काय लिहू ते सांगा."

"अगं, माझी सख्खी मैत्रीण एकोणीस वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. अजून मला माहीत नाही काय करायला हवं होतं. आणि तू तीन ओळींत सांगायला निघालीस?" मग म्हणाल्या, "एवढंच कळतं की आम्ही भांडलो नाही. भांडायला हवं होतं. आम्ही दोघी सुसंस्कृतपणे गप्प बसलो."

फोन ठेवल्यावर मावशीने एका बैठकीत लिहून टाकलं, आणि या वेळी अक्षरं मोजून लिहिलं:

'दहाच्या खाली: हे प्रश्न एका मावशीने एका दुपारी घाईत लिहिले आहेत, ते चुकू शकतात. मार्क कोणाला दाखवू नकोस. ज्याचा राग आलाय त्यावरून तिच्याशी आधी एकदा भांड.'

मालकांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या. "पोरींना भांडा सांगतोय आपण?"

"हो."

"पालकांची पत्रं येतील."

"मी उत्तरं देईन."

तीन वाजून वीस मिनिटांनी सहावा फॉर्म मशीनवर चढला. मावशी पहिला कागद येईपर्यंत थांबली, ओल्या शाईवर नजर टाकली आणि निघाली.

खरं काम अजून व्हायचंच होतं.  पाच वाजता ती ताईकडे पोचली. भिंगरी जेवणाच्या टेबलावर चित्राला रंग भरत होती. मावशी समोर बसली आणि प्रस्तावना न करता म्हणाली, "ते वीस प्रश्न बाईंनी नाही लिहिले. मी लिहिले."

भिंगरीचा हात थांबला. "तू?"

"पानं कोरी राहत होती. भरायला काहीतरी हवं होतं. एका दुपारी लिहिले."

"म्हणजे खोटे होते?"

"खोटे नाही गं. विचार न करता लिहिले."

 भिंगरी त्यावर जे म्हणाली ते मावशीने कधीच अपेक्षिलं नव्हतं. "मी विचार करून मार्क दिले," ती म्हणाली. "मला रात्री झोप आली नाही. मला दहा द्यायचे होते आणि मी नाही दिले, कारण चीटिंग झालं असतं. आणि तू भरायला म्हणून लिहिलंस?"

"चुकलं माझं."

"मी सगळ्यांसमोर दाखवले तिला! ती रडली नाही, नुसती उभी राहिली. आणि तू पानं भरत होतीस!"

तिने रंगाचा खडू भिरकावला. तो मावशीला लागला नाही, कपाटाला लागून दोन तुकडे झाले. ताई स्वयंपाकघरातून धावत आली, "काय चाललंय?" म्हणेपर्यंत भिंगरी दार उघडून बाहेर. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला. मावशी तिच्यामागे निघाली, पण ताईने दंडाला धरलं. "थांब. तू आज पुरे केलंस."

दोघी बहिणी जिन्याच्या कठड्यापाशी उभ्या राहून ऐकत राहिल्या.

खालून आवाज आले. आधी भिंगरीचा. "बाटलीचं का सांगितलंस? का सांगितलंस? मी तुझं कधी काही सांगितलं? तुझ्या दाताचं सांगितलं?" मग घारीचा, आधी बारीक, मग चढत चढत. "तोंडातून निघालं! तू मला सगळ्यांसमोर मार्क दाखवलेस! सही करून! मी तुझी मैत्रीण आहे का निबंध आहे?" पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून पाहिलं आणि लगेच लावून घेतलं. घारीची आई शिलाई मशीन सोडून बाहेर आली होती, तिचं "अगं, अगं" मधूनमधून ऐकू येत होतं आणि दोघींपैकी कोणीही तिला धूप घालत नव्हतं. ते पाऊण तास चाललं. त्यात तिसरीतल्या एका कंपासपेटीचा, कोणाच्यातरी वाढदिवसाच्या टोपीचा आणि तलावात कोण आधी रडलं होतं याचाही निकाल लावायचा प्रयत्न झाला. शेवटी तळमजल्याचं दार आपटलं.

भिंगरी वर आली ती लालबुंद होऊन, आवाज बसलेला.

"झालं का नीट?" ताईने विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली आणि खोलीत गेली. पण ते 'नाही' सकाळच्यासारखं थंड नव्हतं. 

सोळाव्या दिवशी काही मिटलं नाही. मिटायला अजून अकरा दिवस लागले. शाळा सुरू झाली तेव्हा घारी मागच्या बाकावरच्या एका नव्या मुलीबरोबर बसायला लागली होती, आणि ती मुलगी काही तिला सोडणार नव्हती. भिंगरीला तिघींत एक होऊन राहावं लागलं, आणि तिला ते मुळीच आवडत नव्हतं. घारी वर येऊ लागली, पण आता दारावर टकटक करून यायची. त्या टकटकीचा भिंगरीला राग यायचा. एकदा ती म्हणाली, "सरळ ये ना, पाहुणी आहेस का?" घारी म्हणाली, "बघू." बाटली मात्र एका सकाळी कचऱ्यात सापडली, आणि ती कोणी टाकली हे ताईने विचारलं नाही.

मावशीशी भिंगरी दीड महिना धड बोलली नाही. विचारलं तेवढं उत्तर. मावशी दर रविवारी जात राहिली. दुसरी आवृत्ती बाजारात गेली, तीन पालकांची रागाची पत्रं आली, मावशीने तिन्हींना हाताने लिहून उत्तरं पाठवली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती जिथे होत्या तिथेच होत्या. त्या परत मागवता येत नाहीत. रस्त्यात दोन मुली एकाच कागदावर वाकलेल्या दिसल्या तरी तिचे पाय आपोआप मंदावायचे.

मग एका रविवारी ती मालेतलं सहावं पुस्तक घेऊन गेली. छापून आलं होतं, अजून बांधणीचा वास जात नव्हता. भिंगरी, घारी आणि ती मागच्या बाकावरची अशा तिघी जमिनीवर पसरल्या होत्या आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंगरीने पुस्तक घेतलं, पण उघडलं नाही.

"हे कोणी लिहिलंय?"

"बाईंनी."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"शब्दन् शब्द."

"किती दिवस लागले?"

"दोन वर्षं म्हणाल्या."

भिंगरीने पान उलटून शेवटपर्यंत जाऊन पाहिलं. गोष्ट शहाण्णवाव्या पानावर, अगदी तळाशी, जेमतेम मावून संपत होती. तिने पुस्तक घारीकडे दिलं. घारीने ते उलटंपालटं केलं आणि मागच्या बाकावरचीला म्हणाली, "तू वाच मोठ्याने, तुझा आवाज बरा आहे."

भिंगरीच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. पण तिने मावशीला बसायला उशी सरकवली, आणि वाचन सुरू झालं.